टोपी, सदरा आणि लावलेलं दार

अगं मृण्मयी, ऐक ना, काल मामाकडे काय झालं! आम्हा ज्यूंचा दारफाळणीचा सण. दिवसभर उपास, पांढरे कपडे, आणि नावाप्रमाणे घराची दारं बंद. तेवढ्यात दारावर थाप. "अहो, उघडा ना." आवाज वारलेल्या सिप्पोरामामीचा!

मामाची टोपी पुटपुटली, "खुळ्या, ती मेलीये. हलू नकोस."

सदरा धडधडायला लागला. "ती एकटी आहे रे बाहेर. उघड!"

मामा कडीपर्यंत जायचा, परत फिरायचा. पार पांढरा पडला बिचारा.

मग मामाच्या कमरेचा पट्टा स्वतःच गच्च आवळत ओरडला, "भांडू नका! सदऱ्या, तू तिला हाक मार. टोपे, तू कडी सांभाळ."

मामाने दाराला तळहात लावला आणि रडत म्हणाला, "सिप्पोरा, मी इथेच आहे गं."

बाहेर बांगड्या वाजल्या, हळूहळू लांब गेल्या.

तू असतीस तर कडी काढली असतीस का गं?