येसबाचा वाकडा बांध

करंजदऱ्याच्या खालच्या अंगाला काळं रान आहे. तिथले सगळे बांध ताणलेल्या दाव्यासारखे सरळ आहेत, एक सोडून. तो मधोमध विळ्यासारखा वळतो, पूर्वेच्या शेतात पोट घालतो आणि पुन्हा सरळ होतो. गावात नवा माणूस आला की हटकून विचारतो, इथं ओढा होता का? नव्हता. मोठं झाड होतं का? तेही नव्हतं. मग एखादा शहाणा हसून म्हणतो, बांध घालणारा प्यालेला असेल. त्यानं जन्मात थेंब घेतला नव्हता. खरं कारण वेगळं आहे. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि लिहिलेलं असतं ते सगळं खरंच असतं, असंही नाही.

फार मागची गोष्ट. गावाला मोजणीची साखळी माहीत नव्हती, पाच हात पाच मुठीच्या काठीनं रान मोजत, तेव्हाची. बांधाच्या पश्चिमेला कुशाबाचं रान होतं आणि पूर्वेला येसबाचं.

कुशाबा वाईट नव्हता, असं सांगतात. पण त्याचा जगात कुणावर विश्वास नव्हता. गाईनं दूध कमी दिलं तरी तो आधी शेजाऱ्याच्या दाराकडे बघायचा. शेजारीण विस्तव न्यायला आली तर खापरीत निखारे किती गेले, ते मान वाकडी करून बघायचा. त्याची बायको बयजा म्हणायची, "चुलीतली राख बी मापून ठेवा, धनी. न्हाईतर वारा घिऊन जायचा."

येसबाचं घर म्हणजे निव्वळ कष्ट. तो, बायको गिरजा आणि तीन पोरी, त्यातली धाकटी पाळण्यात. बैल एकच. दुसरा उसना मिळाला तर मिळाला, नाहीतर येसबा स्वतः जुवाला खांदा द्यायचा आणि गिरजा नांगराचं रुमणं धरायची, म्हणे. गाव न्याहारीला बसायचं तेव्हा त्याचं अर्धं शेत उलथून झालेलं असायचं. दुपारी सगळं शिवार झाडाखाली आडवं व्हायचं, तेव्हा हा कुदळ आणि पाटी घेऊन बांधावर दिसायचा.

आणि इथंच कुशाबाच्या पोटात दुखायला लागलं. येसबाची जोंधळ्याची ताटं माणूस बुडेल एवढी, कुशाबाची छातीला लागतील एवढी. माती एक, पाऊस एक. मग फरक कशानं पडतो? कुशाबाला एकच उत्तर सुचलं. हा बांध कोरतोय.

बांध कोरणं म्हणजे काय ते गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. दरसाल बोटभर माती आपल्याकडे ओढायची, फाळ तेवढाच आत घालायचा. बापाच्या हयातीत वीतभर, पोराच्या हयातीत हातभर. या मुलखात भाऊ भावाला सोडत नाही, तिथं शेजाऱ्याची काय कथा!

मग कुशाबा भर दुपारी आपल्या रानातल्या बाभळीवर चढून बसायला लागला. आठ दिवस बसला. रोज तेच दिसायचं. येसबा बांधात कंबरभर खणायचा, पाटी भरायचा, डोक्यावर घेऊन आपल्या रानाच्या पार टोकाला चालायला लागायचा. भरलेली पाटी तिकडं निघाली की कुशाबाला पुरे व्हायचं. अंगात मोडलेले काटेही न काढता तो खाली उतरायचा आणि तडक पाटलाच्या ओट्यावर जायचा.

"माती नेतोय, पाटील. माझ्या डोळ्यांनी बघितली."

"येसबा? आरं, सरळ माणूस हाय तो."

"सरळ दिसणाराच कोरतो. वाकडा दिसला तर बांधाजवळ फिरकू कोण दील?"

पाटलाला हे पटलं. अशी बोलणी लवकर पटतात.

येसबाला बोलावलं. तो म्हणाला, "खणतोय हे खरं. पण कोरत न्हाई. बांधात कुंदा माजलाय, त्याच्या काशा काढतोय."

कुंदा म्हणजे गवत, पण काळ्या रानाचा वैरी. त्याची मुळं, म्हणजे काशा, माणसाच्या कमरेइतक्या खोल जातात. एक कांडी राहिली तरी सालभरात रान खातो.

कुशाबा म्हणाला, "माझ्या अंगाचा बी खणतोस. दुसऱ्याचं तण फुकट कोण काढतंय रं?"

"मूळ एकच हाय, आबा. तुमच्याकडं ठिवलं तर माझ्याकडं येणारच."

ओट्यावर बसलेली सगळी माणसं हसली. दुसऱ्याचं तण काढणारा माणूस गावानं कधी पाहिला नव्हता. म्हणून मग हद्दीचं दिव्य ठरलं. येसबानं अंघोळ करून, ओल्या अंगानं, दोन्ही रानांतल्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि हद्द चालून दाखवायची. तो चालेल ती हद्द. पण खोटा चालला तर चाळीस दिवसांत त्याच्या घरातलं काहीतरी जाईल. बैल जाईल, नाहीतर माणूस. त्या काळी यावर सगळ्यांचा विश्वास होता. गिरजाचाही होता. तिनं पाळण्यातल्या पोरीला उराशी धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "द्या सोडून रान. मागून खाऊ. ढेकूळ डोक्यावर घिऊ नका."

येसबानं घेतलं.

सगळं गाव बांधाच्या कडेनं उभं राहिलं. येसबा दक्षिणेकडून निघाला. जुन्या बांधावरून रेघ मारल्यासारखा सरळ चालत होता. कुशाबा त्याच्या पायांकडे बघत होता. बरोबर मध्यावर येसबा थांबला. ढेकळाची ओली माती त्याच्या कानावरून ओघळत होती. त्यानं बांध सोडला आणि तो स्वतःच्या रानात उतरला. चांगला दोन काठ्या आत गेला, मग हळूहळू वळत पुन्हा बांधावर आला आणि उत्तरेच्या टोकापर्यंत सरळ गेला.

गावात गलका झाला. चोर सापडला! कुशाबा तर नाचायचाच बाकी होता. पाटलानं विचारलं, "का रं वळलास?"

येसबा म्हणाला, "माझ्या ल्हानपणी मोठ्या पावसात मधला बांध फुटून वाहून गेला हुता. बानं परत घातला. बरोबर घातला आसंल. पण मी बघायला नव्हतो. जिथवर मला ठाव हाय तिथवर बांधावरनं चाललो. जिथं शंका आली तिथं माझं रान सोडलं."

जुन्या बांधाची माती ओढून बांध नवा घातला गेला तो येसबाच्या पावलांवरून. त्याच्या रानातला सगळ्यात कसदार तुकडा कुशाबाकडे गेला.

आता दुसऱ्या कुणी लगेच नांगर घातला असता. कुशाबाला झोप लागेना. एवढं रान तोंडानं सोडणारा माणूस एकतर खुळा असतो, नाहीतर डाव टाकत असतो. येसबा खुळा नव्हता. मग नक्की काहीतरी पुरलंय! कुशाबानं तुकड्यात चार ठिकाणी कंबरभर खणलं. लिंबू नाही, बिब्बा नाही, हाड नाही. नुसती भुसभुशीत माती निघाली, कुंद्याची एक काशी नाही. तेव्हा तरी त्याला कळायला हवं होतं. पण त्याला वाटलं, एवढं स्वच्छ कुणी उगाच ठेवतं का? त्यानं तुकडा पेरलाच नाही.

शिवाय तो दिवस मोजत होता. रोज काही ना काही निमित्त काढून येसबाच्या दारावरून जायचा. बैल रवंथ करतोय. गिरजा दळतीय. पोरी खेळतायत. वीस दिवस गेले, तीस गेले. छत्तिसाव्या दिवशी पाळणा हलताना दिसला नाही. धाकट्या पोरीला ताप भरला होता.

कुशाबा घरी आला आणि अंगणात बसून राहिला. त्याचा कान येसबाच्या घराकडं होता. बयजा भाकरीचं पीठ हातात तसंच घेऊन बाहेर आली.

"धनी, पोर गेलं तर तुमचं खरं व्हईल. आज देवापुढं काय मागनार हायसा?"

आपण काय ऐकायला बसलोय, ते कुशाबाला तेव्हा कळलं, असं सांगतात. तो उठला आणि पाय नेतील तिकडं निघाला. पाय रानात घेऊन गेले. तिथं येसबा होताच. घरी पोर फणफणलेली, गिरजा कपाळावर पट्ट्या ठेवतेय, आणि हा नव्या वाकड्या बांधात खणत होता. घरात नुसतं बसून ताप उतरत नाही, हे त्याला माहीत होतं. हात रिकामे ठेवणं त्याला जमत नव्हतं.

कुशाबा सवयीनं बाभळीवर चढला. येसबानं पाटी भरली, डोक्यावर घेतली, निघाला. एरवी कुशाबा इथंच उतरायचा. त्या दिवशी त्याला कुठं जायचंच नव्हतं. पाटलाकडं नाही, घरीही नाही. म्हणून तो बसून राहिला. येसबानं रानाच्या टोकाला पाटी पालथी केली. त्यातून कुंद्याच्या काशांचा गुंता पडला. जुन्या ढिगाला लावलेली आग तिथं धुमसतच होती. मग त्यानं तिथली आपल्या रानातली मऊ काळी माती पाटीत भरली आणि ती भरलेली पाटी घेऊन तो परत बांधाकडे आला.

ही दुसरी खेप कुशाबानं आजवर कधी बघितली नव्हती.

तो खाली उतरला. "ती माती कुठली?"

"माझ्या रानातली, आबा."

"मग हितं का टाकतोस?"

"कुंदा काढला की खड्डा ऱ्हातो. खड्डा ऱ्हायला की बांध खचतो. आणि खचला की तुमास्नी वाटायचं, कोरला."

कुशाबानं बांधावरची ती माती मुठीत घेतली. किती साल हा माणूस स्वतःच्या रानाची माती दोघांच्या बांधावर वाहतोय, आणि तीही कुशाबाला शंका येऊ नये म्हणून!

पोरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. चाळीस दिवस भरले. येसबाच्या घरातलं काही गेलं नाही. कुशाबा तुकडा परत द्यायला आला, तर येसबा घेईना. म्हणाला, "देवाला साक्ष ठिवून सोडलंय. परत घेतलं तर माझं चालणं खोटं पडंल."

"मग माझ्या अंगाचं पयलं तास तू मार," कुशाबा म्हणाला. "तुझा फाळ जिथनं जाईल तिथनं माझं रान. माझ्या हातावर माझा भरवसा न्हाई."

येसबा हसला. "सगळ्या गावावर संशय घिऊन झाला, आता सोतावर व्हय?"

त्यानं तास मारलं, म्हणजे नांगराची पहिली रेघ ओढली. मग कुशाबानं त्याच्या बाजूचं मारलं. पुढं दरसाल तसंच चाललं.

येसबा गेला तो बांधावरच, म्हणतात. दुपारची वेळ, पाटी उशाला, अंग आडवं. येणारेजाणारे म्हणाले, दमला असंल, झोपू द्या. कुशाबा तेव्हा म्हातारा झाला होता. त्यानं लांबूनच बघितलं आणि काठी टेकत पळत सुटला. येसबा दुपारचा कधी झोपत नव्हता. शंका त्या एकट्यालाच आली, आणि जन्मात पहिल्यांदा ती खरी निघाली.

पुढं मोजणीवाले आले. बांध सरळ करून देतो म्हणाले. दोन्ही घरांनी नको म्हटलं. जुनी हद्द खरी कुठं निघाली, तेही कुणी विचारलं नाही.

आजही करंजदऱ्यात बांधालगतचं पहिलं तास कुणी स्वतः मारत नाही. शेजाऱ्याला बोलावतात. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी त्यालाच बोलावतात. तेवढं एक तास होईपर्यंत बोलतात, पाणी विचारतात, पोरंबाळं बरी आहेत का विचारतात. तास संपलं की पुन्हा बोलणं बंद.