शिसवीचं वाडगं

फार मागची गोष्ट आहे, डोंगरात अजून पक्के रस्ते नव्हते तेव्हाची. पोरांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही मान फिरवू नका. ही तुमच्यासाठीच जास्त आहे.

डोंगरातल्या एका गावात भिकोबा नावाचा कातारी राहायचा. कातारी म्हणजे चरकावर लाकूड फिरवून त्याची भांडी, खेळणी, पलंगाचे पाय करणारा. हातात कसब असं, की राजवाड्यातून माणूस यायचा. तोंड असं, की आलेला माणूस अंगणातच उभा राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात एक मुलगा, नाथा. बाप ओरडायचा आणि नाथा गप्प बसायचा, असं त्यांचं बरं चाललं होतं.

मग नाथाचं लग्न झालं आणि खाडीकाठच्या गावातून वेणू सून म्हणून घरात आली.

आल्या दिवसापासून भिकोबा तिच्या मागं लागला. चूल अशी का पेटवलीस, पाणी का सांडलंस, दार का वाजलं. तिनं हौसेनं आमसुलाचं सार केलं, तर म्हणाला, हे आंबट पाणी तुमच्या समुद्रात ओता. पोरगी नुकती आई सोडून आलेली, आणि याला ती जन्मापासून इथलीच असल्यासारखी हवी होती. आधी वेणू गाणं म्हणत भांडी घासायची. पुढं गाणं थांबलं. नुसती भांडी वाजायची.

त्या सुमारास राजाच्या नातवाचं उष्टावण ठरलं. बाळाला पहिला घास नक्षीदार लाकडी वाडग्यातून भरवायचा, अशी त्या राज्याची रीत. वाडग्याचा मान भिकोबाला मिळाला. नुकत्याच वादळात पडलेल्या जुन्या शिसवीचा एक तुकडा त्यानं जपून आणला. नाथानं चरकाची दोरी ओढली, यानं पटाशी धरली, आणि जाड भिंतीचं कच्चं वाडगं उतरवलं. मग ते खोलीच्या कोपऱ्यात, लाकडाच्या किसात पुरून ठेवलं. वाळलं की पुन्हा चरकावर चढवायचं, पातळ करायचं, काठावर वेल कोरायची. तोवर हात लावायचा नाही, हे त्यानं नाथाला बजावलं. वेणूला सांगितलं नाही. तिला सांगून काय करायचं, असा त्याचा हिशेब.

एकदा बापलेक लाकूड बघायला रानात गेले. वेणू खोली झाडत होती. किसात हात गेला तर वाडगं लागलं, गार आणि ओलं. तिला वाटलं, हे वाळत नाही म्हणून मामंजींचं काम अडलंय. तिच्या गावात ओलं म्हटलं की ऊन. मासळी, मीठ, आमसुलं, सगळं उन्हातच. तिनं वाडगं पुसलं आणि अंगणात चांगलं कडक ऊन बघून ठेवलं.

भिकोबा परतला तेव्हा काठापासून बुडापर्यंत तडा गेला होता.

तो काय काय बोलला ते मी सांगत नाही, पोरं बसलीत. तिच्या आईबापांचाही उद्धार झाला एवढं समजा. सुकी मासळी विकायला वर येणाऱ्या बाईबरोबर वेणूनं माहेरी निरोप धाडला. काही दिवसांनी भाऊ बैलगाडी घेऊन दारात आला. मी आता परत येणार नाही, असं तिनं नाथाला सांगितलं. नाथानं ते बापाला सांगितलं आणि स्वतः गोठ्यात जाऊन बसला.

निघताना वेणू सासऱ्याच्या पाया पडायला आली. भिकोबा चरकापाशी बसला होता, मांडीवर फुटकं वाडगं घेऊन. तिची नजर तड्यावर गेली.

"मामंजी, एवढं तरी सांगा. ते उन्हानं फुटलं का?"

कामाचं कुणी विचारलं की भिकोबाला गप्प राहता येत नसे.

"ऊन वाईट नाही गं, घाई वाईट. हे नुकतं झाडापासून तुटलेलं. एकदम ऊन दाखवलं की वरून वाळतं, आत ओलं राहतं, आणि ओढाताण होते. म्हणून त्याला त्याच्याच किसात ठेवायचं. आतली ओल आपल्या सवडीनं जाते. जरा वाकडं होतं, होऊ द्यायचं."

"आणि तोवर?"

"तोवर काय? वाट बघायची."

"त्याला कुणी ओरडत नाही?"

टोमणा नव्हता तो. पोरीनं खरंच विचारलं होतं.

भिकोबानं वाडग्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. लग्नात गुबगुबीत होती ती, गालाची हाडं वर आलेली त्याला आज दिसली. तो उठला आणि गाडीपाशी गेला. म्हातारा भांडायला आला असं वाटून भावानं चाबूक घट्ट धरला.

"घेऊन जा तिला," भिकोबा म्हणाला. "आईजवळ राहू दे हवं तितकं. मी बोलावणं धाडणार नाही. तिला वाटलं तर येईल. नाही वाटलं तर..." त्यानं गोठ्याकडं बघितलं. "तर नाथ्याला तिकडं पाठवतो. तिच्याशिवाय तो इथं बसून काय करणार?"

गाडी गेली. मग भिकोबा राजवाड्यात गेला आणि वाडगं फुटल्याचं सांगितलं. कुणी फोडलं, असं विचारल्यावर म्हणाला, दोष माझा. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवलं, आणि पुढचा मान दुसऱ्या काताऱ्याकडं गेला. तो भिकोबाला पुन्हा कधी मिळाला नाही.

पावसाळा सरला. भात कापणीला आलं. एका सकाळी वेणू आपली आपण घाट चढून आली. भिकोबानं मान वर केली. आलीस, एवढंच म्हणाला. तिनं पाय धुतल्यावर तिला कोपऱ्यापाशी नेलं, कीस बाजूला केला आणि नवं कच्चं वाडगं तिच्या हातात दिलं. टिचकी मारली तर ओल्याचा आवाज कसा येतो, वाळल्याचा कसा, ते सावकाश सांगितलं.

"हे कधी बाहेर काढायचं ते आता तू ठरवायचं," तो म्हणाला. "मी विचारणार नाही."

वेणूनं टिचकी मारली, कान लावून ऐकलं, आणि वाडगं पुन्हा किसात ठेवलं.

बोध एवढाच: ओल्या लाकडाला आणि घरात आलेल्या नव्या माणसाला घाई करू नये, तडा त्यांना जातो, पण दोष आपला असतो.