तळ्याकाठचा कारखाना

फार पूर्वी, रानातल्या जनावरांनाही आकडेमोडीचा नाद लागला होता तेव्हा, एका तळ्याकाठी संगणक बनवायचा कारखाना होता. त्याचा प्रमुख होता चक्रवाक पक्षी. हुशार आणि सगळ्यांचा लाडका, पण थंडी सरली की तो उत्तरेला उडून जाई आणि जाताना बजावी, “मला विचारल्याशिवाय काही बदलू नका.”

एका उन्हाळ्यात माकडांच्या शाळेसाठी बनवलेला संगणक तापून बंद पडू लागला. “मागे भोकं पाडली तर वारा खेळेल,” कारखान्यात काम करणारी साळिंदरबाई म्हणाली. पण विचारायचं कुणाला? सगळे आभाळाकडे बघत बसले. शेवटी शाळेने वाट पाहणं सोडून दिलं.

हिवाळ्यात चक्रवाक परतला, तेव्हा संगणकावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, “एवढं साधं काम! केलं का नाहीत?”

“तुम्हीच अडवलं होतंत,” साळिंदरबाई हळूच म्हणाली. “तुमची आठवण रोज काढली हो, पण आठवण काही हुकूम देत नाही.”

चक्रवाकाची मान खाली गेली. “माझे पंख मला इथे बसू देणार नाहीत. आजपासून शेवटचा शब्द तुमचा.”

पुढच्या थंडीत तो आला, तेव्हा शाळेत संगणक सुरू होता. त्याला काही विचारायला कुणीच धावत आलं नाही. त्याला जरा वाईट वाटलं. मग तो साळिंदरबाईजवळ गेला.

“बाई, मी काय करू?”

“आधी बसा, दमून आलात,” ती म्हणाली. “मग ही नव्या संगणकाची पेटी जरा धरा.”