पाळणाघर कुणाचं?

कांदेगावच्या ग्रामपंचायतीत एक भोळा शिपाई होता. नाव गुणाजी. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि गावाला भीती वाटायची ती याचीच.

गाव निम्मं छत्रीवाल्यांचं, निम्मं कंदीलवाल्यांचं. निवडणुकीत वरच्या आळीचं मत छत्रीला, खालच्या आळीचं कंदिलाला. छत्रीवाला माणूस कंदीलवाल्या न्हाव्याकडे दाढीसुद्धा करत नसे. दोन्ही आळ्यांचं कशावरच एकमत होईना, म्हणून सरपंचपद यमुनाबाईंकडे आलं होतं. त्या कुणाच्याच नव्हत्या.

यमुनाबाईंना पाळणाघर हवं होतं. कांदेकाढणीला बाया जायच्या, तान्ही पोरं बांधावर निजायची. मागच्या हंगामात वरच्या आळीतल्या सुगंधाचं पोर रांगत रांगत विहिरीच्या कडेला गेलं. कुणीतरी अंगडं धरलं म्हणून वाचलं. तेव्हापासून सुगंधाचा हात कांद्यावर आणि डोळा विहिरीवर असायचा. सरकारनं पाळणाघराची योजना काढली होती, पण ग्रामसभेनं हात वर करून होकार दिला तरच ते गावाला मिळणार होतं.

"गुणाजी, दवंडी दे," यमुनाबाई म्हणाल्या. "सगळं खरं खरं सांग."

गुणाजीनं हलगी वाजवली. पाळणाघर येतंय, दूध मिळणार, सांभाळायला बाई असणार. वरची आळी खूश झाली. मग गुणाजीनं उरलेलं खरंही सांगून टाकलं. सरकार कंदीलवाल्यांचं आहे, तेव्हा पाळणाघरही त्यांचंच. वरच्या आळीनं तिथल्या तिथे दारं लावली. आमची पोरं विहिरीकाठीच बरी आहेत, असं सुगंधाचा सासराच म्हणाला.

यमुनाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, नाव कशाला घेतलंस? नाव झाकायचं, गुण सांगायचे."

"बरं," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या नर्सबाईंनी त्याला औषधांचं कपाट आवरायला सांगितलं. त्यानं बाटल्यांवरची सगळी नावं कागदानं झाकली आणि वर गुण लिहिले. एरंडेलावर लिहिलं, सगळं साफ होतं. फिनेलवरही तेच लिहिलं. पेशंट बाटल्या बघूनच बरे झाले आणि घरी गेले.

नर्सबाई म्हणाल्या, "नाव कधी झाकतात का? नाव ठळक लावावं. कुणाचं काय ते लांबून दिसलं पाहिजे."

"बरं," गुणाजी म्हणाला.

इकडे यमुनाबाईंनी शाळेच्या पडवीत एक दिवस पाळणाघर करूनच दाखवायचं ठरवलं. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. दोन्ही आळ्यांच्या बाया पोरं ठेवून कामाला गेल्या. पोरांची अदलाबदल होऊ देऊ नकोस, एवढंच गुणाजीला सांगितलं होतं. त्यानं प्रत्येक पोराच्या पाठीवर ठळक कागद डकवला. वरच्या आळीच्या पोरावर छत्री, खालच्या आळीच्या पोरावर कंदील. सुगंधाचा सासरा न्यायला आला, तेव्हा त्याचा नातू एका कंदिलाला मिठी मारून झोपला होता. सासऱ्यानं नातू उचलला. मग सगळ्यांनीच आपापलं पोर उचललं.

सुगंधा यमुनाबाईंकडे येऊन रडली. "आज पहिल्यांदा मी विहिरीकडं बघितलं नाही हो," म्हणाली.

यमुनाबाईंना तिची दया आली आणि गुणाजीचा राग आला. त्या त्याला म्हणाल्या, "ग्रामसभेत हलगी नको, कागद नको. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तसं हळूच सांग. ज्याला जे गोड वाटेल ते."

"बरं," गुणाजी म्हणाला.

ग्रामसभेत तो एकेकाच्या कानाशी वाकत गेला. छत्रीवाल्याच्या कानात सांगितलं, पाळणाघर छत्रीवाल्यांचं. कंदीलवाल्याच्या कानात सांगितलं, कंदीलवाल्यांचं. सगळे हात वर गेले. सुगंधाच्या सासऱ्याचे तर दोन्ही गेले. गुणाजीचं जन्मात पहिल्यांदा कौतुक झालं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण उद्घाटनाला मंत्री आले. कंदीलवाल्यांचे मोठे मंत्री, योजना त्यांच्याच खात्याची. ऊन रणरणत होतं, म्हणून त्यांच्या माणसानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. गुणाजीनं ते पाहिलं. साहेब छत्रीखाली आहेत, म्हणजे साहेब छत्रीवाले. तो पुढं झाला आणि आत्यासारखा त्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब, पाळणाघर छत्रीवाल्यांचं आहे बरं का."

मंत्र्यांच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी माइक ओढून घेतला. हे आईपासून लेकरू तोडण्याचं कारस्थान आहे, म्हणाले. आमच्या सरकारनं असलं पाळणाघर कदापि मंजूर केलं नसतं, म्हणाले. मागच्या फलकावर त्यांचाच फोटो हसत होता. खालच्या आळीनं सवयीनं टाळ्या वाजवल्या. मंत्री विरोध करताहेत म्हटल्यावर वरच्या आळीनं पाळणाघराचा जयजयकार केला. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

फीत तशीच राहिली. सुगंधाला कामाला उशीर होत होता. तिनं कमरेचा विळा काढला, फीत कापली, पोराला पाळण्यात ठेवलं आणि शेताची वाट धरली. तिच्या मागोमाग खालच्या आळीच्या बायांनीही आपली पोरं आणून ठेवली.

हे पाळणाघर मंजूर कुणी केलं, याची चौकशी करायला आता मुंबईत एक समिती बसली आहे. अध्यक्ष तेच मंत्री आहेत, आणि मंजुरीवर सही कुणाची आहे याचा ते कसून शोध घेत आहेत.