तळ्यातलं विष

रानात माणसाची पायवाटसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठी एक बेडूक उताणा पडून ऊन खात होता. साळुंकीने ते पाहिलं आणि ती खारीला म्हणाली, "बेडकाचं काही खरं दिसत नाही." खारीने वानराला सांगितलं, "बेडूक गेला. पाण्यानेच गेला असणार." वानर झाडाच्या शेंड्यावर चढून ओरडला, "तळ्यात विष आहे! खरं-खोटं देव जाणे, पण सांगून ठेवलेलं बरं!"

झालं! सगळे डोंगरापलीकडच्या ओढ्यावर पाण्याला जाऊ लागले. पाय अधू झालेली म्हातारी हरिणी तेवढी मागे राहिली. तिच्या घशाला कोरड पडली.

बेडूक काकुळतीने सांगत सुटला, "अहो, मी जिवंत आहे! याच पाण्यात राहतो!"

"तू गप्प बस," वानर म्हणाला. "तू मेल्याचं अख्ख्या रानाला माहीत आहे."

हरिणीने मात्र बेडकाकडे नीट निरखून पाहिलं. मग ती लंगडत तळ्यावर गेली आणि भीतभीतच, पण पोटभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी ती मजेत चरताना सगळ्यांना दिसली. आता तरी यांना पटेल, म्हणून बेडकाला हायसं वाटलं.

खार धावत आली. "हरिणीआजी, विष पचवायचा तो पाला कुठे मिळतो हो?"

"कसला पाला? पाणीच चांगलं आहे, बाई."

"बघा, लपवतेय," साळुंकी पुटपुटली. तोवर वानर शेंड्यावर पोचलाही होता.