खात्री होईपर्यंत

“पण मॅडम, किती खात्री झाली की टीमला बोलवायचं?”

ज्युनिअर डॉक्टर हृषीकेश गवाणकरने नाबर मॅडमना विचारलं. मेडिसिन विभागाच्या त्या प्रमुख. वॉर्डातल्या एका रिकाम्या खाटेकडे त्या बघत होत्या. चादर नुकतीच बदललेली होती.

त्या खाटेवर तांडेल आजी होत्या. काल दुपारी त्यांचा श्वास वाढला. “मला बरं वाटत नाही रे बाबा,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. लोबो सिस्टरनी विचारलं, “सर, इमर्जन्सी टीमला फोन करू?”

“थांबा. मी बघतोय ना,” हृषीकेश म्हणाला.

मागे एकदा त्याने टीमला बोलावलं होतं. सगळे धापा टाकत आले, तर पेशंट उठून बसून चहा पीत होता. तेव्हाचं त्या सगळ्यांचं हसणं त्याच्या कानातून गेलं नव्हतं. शिवाय कॉलेजात तो कायम पहिला आलेला. आपल्या हातून निभेल असं त्याला वाटलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, पुन्हा तपासलं, पुन्हा थांबला. शेवटी टीम आली तेव्हा फार उशीर झाला होता. आज सकाळी आजी गेल्या.

तेव्हापासून त्याला कुणी वाकडं बोललं नव्हतं. त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

“मॅडम...?”

“झोप तिथे.”

“मी?”

“बूट काढ.”

तो आडवा झाला. मॅडमनी पडदा ओढला आणि त्या निघून गेल्या.

वर पंखा... लांब कुठेतरी ट्रॉलीची चाकं... कुणाची तरी पावलं पडद्याजवळ आली आणि पुढे गेली. पलीकडे लोबो सिस्टर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. मॅडम येतील, आत्ता येतील... एकदा त्याने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

बऱ्याच वेळानं पडदा सरकला.

“हाक का नाही मारलीस?”

“तुम्ही कामात असाल, असं वाटलं.” तो उठून बसला. त्यांच्याकडे त्याला बघवेना. “आणि काय म्हणून मारणार? मला काही होत नव्हतं, मॅडम. नुसतं... फार एकटं वाटलं.”

मॅडमनी वाकून त्याचे बूट त्याच्यापुढे सरकवले.

“हाक मारायला तेवढं पुरे होतं.”