भिवराईची घागर

जंगल गावाच्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि वैशाखातलं ऊन माणसासारखं चालायचं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. आमच्या मोहटोल्यात भिवराई नावाची एक बाई राहायची. रानात तेंदूची पानं तोडणाऱ्यांना ती दूरच्या झिऱ्यावरून पाणी आणून द्यायची. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. ती चालायची तेव्हा झाडांच्या सावल्या तिच्या मागं मागं यायच्या, असं म्हणतात.

त्या काळी लोकांची एक समजूत होती. अंग तापलं की माणसावर घोंगडी टाकायची, दार लावायचं, पाण्याचा थेंब अंगाला लागू द्यायचा नाही. पाणी लागलं की ताप आत शिरतो, म्हणायचे. उन्हानं पडलेल्या माणसालाही हेच करायचे. भिवराईचा धाकटा भाऊ कवडू असाच घोंगडीखाली गेला. ती दाराबाहेर बसून राहिली. दार उघडलं तेव्हा घोंगडी अजून गरम होती आणि कवडू गेलेला होता.

ती रडली नाही. पुढच्या वैशाखापर्यंत ती रानातल्या दगडांजवळ बसायची. ऊन अंगात कसं शिरतं, कुठं दडतं, कशाला भितं, हे सगळं तिला दगडांनी सांगितलं, असं म्हणतात.

मग एका दुपारी पानं तोडता तोडता मुखरू नावाचा तरणा गडी पडला. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही, आणि तोंडानं बडबड, "बैल सोडा, वरात निघाली." लोक घोंगडी शोधायला धावले. एकजण त्याच्या तोंडात पाणी ओतायला गेला. भिवराईनं त्याचा हात झटकला.

"शुद्ध नाही त्याले. छातीत जाईल पाणी!"

तिनं मुखरूला मोहाच्या सावलीत ओढलं, त्याची बंडी फाडली आणि अख्खी घागर त्याच्या अंगावर ओतली. सगळे ओरडले. झिरा दूर, आणि सगळ्यांच्या पिण्याचं पाणी तेवढंच.

"का करून राह्यली व बाई! मारतं का त्याले?"

"अन् आमी का पेवाचं? तुह्या डोळ्यातली आसवं?"

भिवराईनं दुसरी घागरही ओतली. "फांद्या तोडा, वारा घाला. नाहीतर तोंडं बंद ठेवा," ती म्हणाली.

लोक वारा घालू लागले. घालता घालता साऱ्या रानात वारा सुटला. मोहाची झाडं वाकली आणि त्यांची सावली दाट झाली. मुखरूच्या अंगातून ऊन बाहेर पडलं, तांबड्या हरणासारखं उभं राहिलं आणि रान ओलांडून निघून गेलं. असं म्हणतात.

मुखरूनं डोळे उघडले. "कोन्या सटवीनं भिजवलं मले?"

"सटवी म्हणते मले!" भिवराई हसली. "डोकं ठिकाणावर आलं पोराचं." आणि तिथंच बसून ती कवडूसाठी पहिल्यांदा रडली.

त्यानंतर कुणीही हाक मारली की ती जायची. एका भर दुपारी फार दूरच्या रानातून हाक आली. ती घागर घेऊन निघाली ती परतलीच नाही. तिला पाहून ऊन वाटेतून बाजूला होत होतं, असं म्हणतात. त्या वाटेवर वैशाखातही हिरवं गवत असतं.

माझा दादा या वैशाखात गेला. परक्या रानात तेंदू तोडायला गेला होता. तिथं तो उन्हानं पडला, आणि कुणाला भिवराई माहीत नव्हती. त्यांनी त्याला चादर पांघरली. तापलेल्या माणसाला चादर! म्हणून ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. नको म्हणाला तरी सांगतो.

मोहटोल्यात आजही हंगाम सुरू झाला की सावलीत पिण्याच्या पाण्याशेजारी भिवराईची घागर भरून ठेवतात. घसा कितीही कोरडा पडो, तिला कुणी तोंड लावत नाही. कुणी पडलं की ती आधी त्याच्या अंगावर, मग वारा, मग गाडीत घालून दवाखाना, आणि गाडीतही ओलं फडकं अंगावरून फिरत राहतं. दिवसाच्या शेवटी घागर भरलेलीच उरली, कुणी पडलं नाही, तर सगळे मिळून ती मोहाच्या मुळाशी ओततात. पाणी मातीत मुरेपर्यंत थांबतात. मग जो तो आपापल्या माणसाला हाक मारतो आणि त्याला घेऊन घराकडे निघतो.